गणपती कोणाच्या घरी?

नमस्कार श्रोतेहो. मी वकील आहे आणि मुंबईतल्या न्यायालयांत प्रशिक्षित मध्यस्थ म्हणूनही बसते. आज मध्यस्थीबद्दल बोलायचंय, पण माझ्यासमोर आलेलं खरं प्रकरण सांगता येणार नाही. मध्यस्थी चालते त्या खोलीतलं बोलणं बाहेर जात नाही. तडजोड फिसकटली तरी तिथे बोललेलं पुढे खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. म्हणून एक कल्पित उदाहरण घेते. गिरगाव-लालबागच्या मंडळींना ते ओळखीचं वाटेल.

चाळीतली एक खोली. भाडेपावती वडिलांच्या नावावर, आणि वडील गेले. थोरला तिथेच राहतो, धाकटा विरारला. चाळ पुनर्विकासाला निघाली आणि पावतीवर नाव कोणाचं लागणार, यावरून भावाभावांचं बोलणं तुटलं. प्रकरण गेलं धोबी तलावला, लघुवाद न्यायालयात. तिथे प्रश्न एकच: कायद्याने भाडेकरू कोण? उत्तराला वर्षं लागतात, त्यावर पुन्हा अपील.

आता समजा, हेच प्रकरण मध्यस्थाकडे आलं. मध्यस्थ निकाल देत नाही. आधी दोघांना एकत्र ऐकतो, मग एकेकाला वेगळं भेटतो. ही वेगळी भेट मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण दाव्याच्या कागदात जे कुठेच नसतं ते इथे बाहेर पडतं. धाकटा म्हणतो, "बाबांच्या आजारपणात मी कर्ज काढलं, दादाने कधी विचारलंसुद्धा नाही." थोरला म्हणतो, "रात्ररात्र उशाशी मी बसलो. हा फक्त गणपतीला यायचा." मध्यस्थ विचारतो, "हे त्याला सांगू का?" होकार आला तरच ते पलीकडे पोचतं. पोचलं की खोलीत बराच वेळ कुणी बोलत नाही. अशा वेळी मीही बोलत नाही.

मग हळूहळू जमतं. खोली थोरल्याकडे, धाकट्याला ठरलेली रक्कम तीन हप्त्यांत, उरलेलं कर्ज निम्मंनिम्मं. आणि घरचा गणपती एक वर्ष चाळीत, एक वर्ष विरारला. हे शेवटचं कलम कोणत्या न्यायाधीशाने हुकमात लिहिलं असतं? तडजोडीवर दोघांच्या सह्या होतात, कागद न्यायाधीशांपुढे जातो आणि त्यावर हुकूमनामा होतो. मग कुणाला शब्द फिरवता येत नाही. पटलं नाहीच, तर उठून जायची मुभा असते आणि खटला होता तिथून पुढे चालतो.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 मध्ये ही वाट 2002 पासून आहे. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात मुदतही लिहिली आहे: 120 दिवस, दोघांना हवे असतील तर आणखी 60.

मात्र जिथे मारहाण आहे, बाई धाकाने मान डोलावते आहे, तिथे तडजोडीचा आग्रह धरणं मला अन्यायच वाटतो. तिने संरक्षणासाठी थेट न्यायालयात जावं.

बाकीच्यांनी, खटला चालू असेल तर वकिलांना सांगा की न्यायाधीशांकडे मध्यस्थीसाठी अर्ज करा. दावा अजून लावला नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशी करा. जाताना कागदपत्रांसोबत समोरच्याचा चालू फोन नंबर आणि पत्ता घेऊन जा. बोलावणं त्यालाही धाडावं लागतं.