खांब, तुळई आणि कसबा पेठ

(दृश्य: अरुंद आळी, दुचाकींची रांग, मागे सागवानी दरवाजा)

पुण्यातली सर्वांत जुनी वस्ती म्हणजे कसबा पेठ. ग्रामदैवत गणपतीच्या देवळापासून कुठल्याही आळीत शिरा, दोन इमारतींच्या मधे जुन्या वाड्याचा असा एखादा दरवाजा अजून सापडतो. घर कोणाचे ते सांगत नाही, मालकांची तशी इच्छा आहे. पण दरवाजा नीट पाहा. मोठ्या फळीतच कापलेली ही छोटी दिंडी. रोजची ये-जा हिच्यातून, तीही वाकून. चौकटीच्या माथ्यावर गणेशपट्टी, दोन्ही अंगांना वेलबुट्टी. आत देवडी, म्हणजे दरवाजामागची पहाऱ्याची जागा, आणि देवडी ओलांडली की चौक, म्हणजे घराच्या मधले उघडे अंगण.

(दृश्य: चौकातून वर जाणारा कॅमेरा)

इथे थोडे थांबू. आमच्या मते वाडा समजतो तो इथेच.

हे घर मुख्यतः लाकडाच्या सांगाड्यावर उभे आहे. खाली दगडी तळखडा, त्यावर सागवानी खांब. खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना बाहू पसरावेत तसा हस्त, हस्तावर तुळई, म्हणजे भार पेलणारे जाड आडवे लाकूड. तुळईवर कड्या, म्हणजे बारीक आडवी लाकडे, कड्यांवर पाट, म्हणजे फळ्या, आणि पाटांवर मातीचा थर. असे हे कडीपाटाचे छत. भिंती जोत्यापर्यंत घडीव दगडाच्या, वर विटांच्या नाहीतर पांढऱ्या मातीच्या. त्यांच्या पोटातही खांब दडलेले असतात. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, साधारण पाच-सहा फुटांचा, कारण तुळईला झेपायला हवे. घर मोजायचे तेही खणांनी: समोरची ओसरी पाच खणांची, आतले माजघर तीन खणांचे. वाडा लहान की मोठा, ते खण आणि चौक किती यावर ठरायचे.

शनिवारवाड्याचे काम १७३० साली सुरू झाले. त्याला सागवान आले जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणीतून, चुना जेजुरीकडून. सरदाराच्या वाड्यात तीन-चार चौक, भिक्षुकाच्या घरी एकच. उभारणीची रीत मात्र हीच.

(दृश्य: नक्षीचे खांब, जवळून)

हे सुरूच्या झाडासारखे निमुळते, पन्हाळीदार खांब आणि माथ्यावरची केळफुलाची नक्षी म्हणजे उत्तर पेशवाईची हौस. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ साली पूर्ण केलेल्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागावर ती ऐन भरात दिसते. इथला सुतार तेच काम बेताच्या खर्चात करून गेला आहे. तिसऱ्या खांबावरची नक्षी अर्धवट का राहिली, कोण जाणे.

जिना भिंतीच्या जाडीत. पायऱ्या उंच, हाताला दोरखंड, वर झडप. झडप टाकली की माडी बंद. सध्या तिला कुलूप आहे, त्यामुळे दिवाणखाना आपल्याला दिसणार नाही.

(आवाज: हातोड्याचे ठोके)

हे ठोके तांबट आळीतले. इथे घराचा पुढचा भाग कामाचा आणि वर बिऱ्हाड. खाली तांब्याच्या भांड्यांवर मठाराचे काम चालते, म्हणजे हातोडीने एकसारखे ठोके देत पत्रा घट्ट करायचा. महिरपी, झुंबरे इथे शोधू नका. भांडे ठेवायला, बसायला आणि ठोकायला सपाट ओटा लागतो, तो आहे.

(दृश्य: बिडाचे कठडे, रंगीत काचा)

१८५८ साली पुण्याला रेल्वे आली. पुढे बिडाचे नक्षीदार कठडे आले, मंगळुरी कौले आली, लोखंडी गर्डर आले. गर्डरवर विटांची बुटकी कमान टाकून छत करता येऊ लागले, तशी खणाची अट सुटली. रस्त्याच्या अंगाला गॅलरी निघाली. जे घर चौकाकडे तोंड करून बसले होते ते रस्त्याकडे पाहू लागले. काही दर्शनी भिंतींवर गिलाव्यात शके कोरलेले आहे. मग सिमेंट आले. त्याविषयी फार बोलत नाही.

(दृश्य: धिरे दिलेली ओसरी, मिस्त्री कामावर)

आता हे काम पाहा. खांबाचा पाय कुजला आहे. मागे कोणीतरी मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. ओल आत कोंडली आणि तळखड्याशी जिरत राहिली. मिस्त्रींनी आधी तुळईखाली धिरे दिले आणि भार त्यांच्यावर घेतला. मग खांबाचा कुजका भाग तेवढाच कापला. चांगल्या लाकडाला खाच पाडली, नवा तुकडा तिच्यात बसवला आणि आडव्या लाकडी खुंट्या ठोकल्या. धिरे काढायचे तेही एकेक करून, हळूहळू. सिमेंट खरवडून तिथे चुन्याचा गिलावा होईल. बरेच दिवस भिजवलेला चुना, त्यात गूळ, हिरड्याचे पाणी, तागाचे तुकडे. एवढे होईपर्यंत वरच्या खणातले बिऱ्हाड हललेलेसुद्धा नाही. खांब सुटा, तुळई सुटी, पाट सुटे, म्हणून हे जमते.

१२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे गेले. उरलेल्यांत मालक, भाडेकरू आणि वारस यांचे तंटे आहेत, तुटपुंजे भाडे आहे. संरक्षित स्मारकांविषयीच्या २०१० च्या कायद्यामुळे शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. दुरुस्ती परवानगी काढून करता येते.

मिस्त्रींना आता मागच्या पडवीसाठी तुळई हवी आहे. नव्या बाजारी सागवानावर त्यांचा भरवसा नाही, त्यांना जुने, मुरलेले लाकूड लागते. ते मिळते पाडलेल्या वाड्यांतूनच. पण तिथे फार्महाऊसवाले आधी पोहोचलेले असतात आणि ते अख्खे खांब नक्षीसकट उचलतात.