डिस्क भरली कुणी?

[दृश्य : लातूरची बाजार समिती. सोयाबीनचे कट्टे, सौद्याची गर्दी.]

दसरा जवळ आला की लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक चढायला लागते. सौदा तुटतो, माप होतं आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. इतके क्विंटल, असा भाव, हमाली-तोलाई वजा जाता हातात एवढे. बऱ्याच आडतींवर ही पट्टी आता संगणकातून निघते. ती थांबली की फोन जातो, "ओ सर, पट्टी निघंना झाली, बघा की!"

[दृश्य : छोटं ऑफिस. काळा स्क्रीन, पांढरी अक्षरं.]

फोन जातो तो शहरातल्याच एका लहानशा सॉफ्टवेअरवाल्यांकडे. सर्व्हर चालू, नेट चालू, लाइटही आहे. तक्रार एवढीच, की डिस्कवर जागा उरलेली नाही.

जागा कुणी खाल्ली, हे शोधणारी साधनं पुष्कळ. विंडोजवर विनडर्स्टॅट म्हणजे जुना, ओळखीचा गडी. सगळी डिस्क रंगीत चौकोनांत मांडतो, फाइल मोठी तसा चौकोन मोठा. या चौकोनांची कल्पना निघाली 1990 मध्ये, अमेरिकेत, मेरीलँड विद्यापीठात. बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेत 80 एमबीची एकच डिस्क 14 जण वापरायचे, आणि ती सारखी भरायची. म्हणजे चित्राचा जन्मच 'कुणी भरली?' या भांडणातला.

विंडोजवरच्याच विझट्री या साधनाचं काम याहून झपाट्याचं. तो एकेक फोल्डर उघडत बसत नाही. एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या मांडणीतल्या, डिस्कवर फाइलींची जी मुख्य नोंदवही असते, तीच थेट वाचतो. ऑफिसातल्या पीसीसाठी आम्ही डोळे झाकून हाच सुचवू.

पण पट्टीचा सर्व्हर लिनक्सवर. तिथे रंगीत चौकोन दाखवायला पडदाच नाही. तिथे एनसीडीयू, नुसत्या अक्षरांत चालणारं साधन. दिसायला रुक्ष, पण बाणाच्या कळीने आत-आत जा, सगळ्यात फुगलेला फोल्डर कायम वर.

[दृश्य : कीबोर्डवर बोटं.]

आणि इथेच गंमत होते. डिस्कवरची एकूण जागा सांगणारं 'डीएफ' म्हणतं, डिस्क शंभर टक्के भरली. एकेक फाइल मोजणाऱ्या 'डीयू' किंवा एनसीडीयूने बेरीज केली तर निम्मीसुद्धा भरत नाही. दोघंही खरंच बोलताहेत. कुणीतरी घाईत मोठी लॉग फाइल, म्हणजे सर्व्हरच्या कामाची रोजनिशी, डिलीट केलेली असते, पण सर्व्हरने ती अजून उघडी धरलेली असते. नाव गेलं, जागा सुटली नाही. नावं मोजणाऱ्या साधनाला ती दिसणार कुठून? उघड्या फाइलींची यादी देणारं 'एलएसओएफ' चालवलं की त्या फाइलीपुढे 'डिलीटेड' असा शेरा दिसतो, आणि ती धरून बसलेला प्रोग्रामही सापडतो. तो एकदा बंद करून चालू केला की जागा मोकळी. म्हणून चालू लॉग कधी डिलीट करू नये. जागच्या जागी रिकामा करावा.

मग एवढा लॉग लिहितं कोण? ॲप चालवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर. आणि आमच्या मते खरी तुलना व्हायला हवी ती इथे.

त्यातला टॉमकॅट घ्या. तारखेचे लॉग तो रोज नवे करतो, पण 'कॅटलिना डॉट आउट' ही फाइल आपण होऊन कधी कापत नाही. ॲप लिहिणाऱ्या पोराने तपासण्यासाठी टाकलेली प्रत्येक ओळ तिच्यातच जाऊन पडते. शिवाय वॉर फाइल, म्हणजे ॲपचं बांधलेलं गाठोडं, ठेवली की तो ती उलगडून बाजूला मांडतो, म्हणजे एकाच ॲपला जागा दोनदा. वाइल्डफ्लाय, पूर्वीचं जेबॉस, रोज नवा लॉग उघडतं. जुने मात्र मूळ मांडणीत कुणी पुसत नाही. जेटी तसा हलका, पण ॲप टेंप, म्हणजे तात्पुरत्या, फोल्डरमध्ये उलगडतो. लाइट गेली, तो दाणकन पडला, की ते फोल्डर तिथेच राहतात. लोडशेडिंगच्या गावात हे लक्षात असू द्या.

आमची पसंती तरीही टॉमकॅटलाच. त्याचं दुखणं कुठे असतं ते ठाऊक आहे, आणि लॉग वेळच्या वेळी कापणारं लॉगरोटेट बसवलं की ते आवरतं.

[दृश्य : डीएफचा आकडा मोठा करून.]

अजून एक. ईएक्सटी4 या लिनक्सच्या मांडणीतल्या डिस्कवर पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य वापरकर्त्यासाठी, राखून ठेवायची मूळ पद्धत आहे. जायकवाडीत पाणी दिसतं पण कालव्याला सुटत नाही, तो मृतसाठा; मराठवाड्यात हे समजावून सांगायला लागत नाही. फरक इतकाच, की हा साठा रूटला एका कमांडने कमी करता येतो. डेटाच्या वेगळ्या डिस्कवर जरूर करा, सिस्टिमच्या डिस्कवर नको.

[दृश्य : पट्ट्यांचा फोल्डर. फाइलींची यादी सरसर वर सरकते.]

राहिल्या पट्ट्या. एकेक फाइल दोन-तीन केबीची, म्हणून चौकोनांच्या चित्रात ती ठिपक्याएवढीही दिसत नाही. पण प्रत्येक फाइलीला एक आयनोड, म्हणजे डिस्कच्या नोंदवहीतली एक ओळ, लागतो, आणि ईएक्सटी4 वर ते किती, हे डिस्क फॉरमॅट करतानाच ठरतं; साधारण 16 केबीमागे एक. त्याहून लहान फाइली लाखांनी साठल्या तर जीबी शिल्लक असतानाच आयनोड संपतात, आणि सर्व्हर तेच म्हणतो, जागा नाही. ते बघायला 'डीएफ'ला 'आय' जोडायचा. आडत्याचा हिशोब पुसून चालत नाही; मागच्या हंगामाच्या पट्ट्या महिन्यावार एकेका झिपमध्ये बांधायच्या. हे काम सोयाबीन यायच्या आधी, श्रावणातच उरकून घ्यावं.