राणीच्या नावाचा आडोसा

(बडोद्यात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, इथे येताना तुमच्यातल्या निम्म्याजणांना तरी रावपुऱ्याच्या टॉवरपाशी गर्दीनं अडवलं असेल. मलाही अडवलं. बसल्या बसल्या रिक्षावाल्या भाईला विचारलं, हा टॉवर कोणाच्या नावाचा, माहीत आहे का? तो म्हणाला, ‘टावरनुं वळी नाम शुं होय, बेन? टावर एटले टावर.’

तर तो चिमणाबाईंचा टॉवर. १८९६ मध्ये बांधलेला. न्यायमंदिराला नाव दिलं तेही चिमणाबाईंचंच. आणि आज माझा विषयही चिमणाबाईच. पण या त्या नव्हेत. इथेच पुष्कळांची गफलत होते. परवा एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी मला सांगितलं की टॉवरवाल्या राणीनं बायकांना काम शिकवणारं उद्योगालय काढलं. कसं काढणार? टॉवरवाल्या राणीसाहेब १८८५ मध्येच क्षयानं गेल्या, विशी नुकती ओलांडलेली असताना. तंजावरच्या मोहित्यांच्या लक्ष्मीबाई त्या. लग्नानंतर चिमणाबाई झाल्या. त्याच वर्षी डिसेंबरात सयाजीराव महाराजांचं दुसरं लग्न झालं, देवासच्या घाटग्यांच्या गजराबाईंशी. मुलीचं वय चौदाच्या आसपास. आणि तिचंही नाव ठेवलं चिमणाबाई.

सासरी नाव बदलायची रीत आपल्याकडे होतीच, त्यात नवल नाही. पण इथे मिळालेलं नवं नावसुद्धा आधी कोणीतरी वापरलेलं होतं. हसू नका, जरा त्या मुलीच्या जागी उभ्या राहून बघा. माहेरचं नाव देवासला राहिलं, सासरचं नाव दुसरीचं, आणि गावात त्या दुसरीच्या आठवणीत टॉवर उभा राहतोय. नावाचा हा धागा मी हातात धरून ठेवणार आहे, कारण पुढे या बाईंनी जे केलं ते माझ्या समजुतीनं मुख्यतः नावानंच केलं.

राजाची, व्हाइसरॉयची किंवा आजच्या भाषेत राष्ट्राध्यक्षाची पत्नी गोरगरिबांसाठी, बायकांसाठी काही करते तेव्हा आपण त्याला दानधर्म म्हणून मोकळे होतो. मला आधी विचारावंसं वाटतं की पैसा कोणाचा? मराठी दौलतींत या प्रश्नाला एक फार जुनं उत्तर आहे. १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगी म्हणून वेगळा मुलूख लावून दिला. दौलतीचा हिशेब निराळा, खासगीचा निराळा. त्या खासगीतूनच पुढे अहिल्याबाईंचे घाट, विहिरी, धर्मशाळा आणि काशी विश्वनाथाचं देऊळ उभं राहिलं. म्हणजे दानाआधी बाईच्या नावावर उत्पन्न होतं. आपण घाटांचे फोटो काढतो, त्या १७३४ च्या कागदाची आठवण कोणाला नसते. माझं मत विचाराल तर घाटांपेक्षा तो कागद मोठा.

दुसरी गोष्ट जवळची. आपलं सयाजी हॉस्पिटल. त्याचं पहिलं नाव काउंटेस ऑफ डफरिन हॉस्पिटल. या डफरिनबाई व्हाइसरॉयच्या पत्नी, म्हणजे त्या काळच्या हिंदुस्थानच्या ‘फर्स्ट लेडी’च. त्यांच्या कामामागे एका राणीचं दुखणं आहे. पन्नाच्या महाराणी आजारी पडल्या. पुरुष डॉक्टरला दाखवण्याची सोय नव्हती, म्हणून लखनौहून मिस बीलबी नावाच्या मिशनरी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. निघताना महाराणींनी त्यांच्यापाशी निरोप दिला की इथल्या बायका दुखण्यात काय भोगतात ते विलायतेच्या राणीच्या कानावर घाला. तो निरोप बारीक अक्षरांत लिहून लॉकेटमध्ये घालून नेला, असं सांगतात. व्हिक्टोरिया राणीनं तो मनावर घेतला, डफरिनबाई हिंदुस्थानात यायला निघाल्या तेव्हा त्यांना यात लक्ष घालायला सांगितलं, आणि १८८५ मध्ये बायकांना बाई डॉक्टर मिळावी यासाठी फंड सुरू झाला.

या कामावर पुढे टीका पुष्कळ झाली. मुख्य आक्षेप असा की या दवाखान्यांनी पडदा मोडला नाही, तो जपला. खरं आहे. पण ताप एकशे चारवर गेलेल्या बाईला आधी पडद्यातून बाहेर ये, मग औषध देते, असं म्हणणारी डॉक्टर काय कामाची? डफरिनबाईंनी डॉक्टर पडद्याच्या आत नेली. बाईला बाहेर आणायचं काम राहिलं. ते दुसऱ्यांनी करायचं होतं.

आता आपल्या चिमणाबाईसाहेब. लग्नानंतर महाराजांनी त्यांच्या शिक्षणाची सोय केली. १८८७ मध्ये त्या पहिल्यांदा महाराजांबरोबर युरोपात गेल्या, मग वारंवार. शिकार करत, नेम उत्तम. पुढे महाराजांच्या शेजारी उघड्या चेहऱ्यानं सभेत बसू लागल्या. आज याचं काहीच वाटत नाही, पण त्या दिवशी दांडियाबाजारच्या वाड्यांत रात्री कोणाला झोप लागली असेल असं मला वाटत नाही.

१९११ हे त्यांच्या आयुष्यातलं वादळी साल. लंडनमध्ये त्यांचं आणि एस. एम. मित्रांचं मिळून लिहिलेलं इंग्रजी पुस्तक निघालं, हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या स्थितीविषयी. मला त्यातली एकच गोष्ट इथे हवी आहे. परदेशच्या बायका कोणकोणती कामं करून पोट भरतात, याची त्यात शेतीपासून सहकारापर्यंत तपशीलवार पाहणी आहे. राणीनं पुस्तक लिहायचं तर देवधर्म, पतिसेवा, मुलांचं संगोपन लिहावं. या बाई रोजगार लिहितात. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली दरबार भरला. तिथे महाराजांनी बादशहाला धड लवून मुजरा केला नाही म्हणून गहजब झाला, तो सगळ्यांना ठाऊक आहे. आणि त्याच दिल्लीत त्यांच्या कन्येची, इंदिराराजेंची, कूचबिहारच्या जितेंद्रांशी भेट झाली.

इंदिराराजेंचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलं होतं. माधवरावांची पहिली राणी हयात होती. मुलीनं स्वतःच ग्वाल्हेरला पत्र धाडून लग्न मोडलं. आईवडिलांना हे सहन झालं नाही. १९१३ मध्ये लंडनला जितेंद्रांशी लग्न झालं, त्याला महाराज नव्हते आणि आईसाहेबही नव्हत्या. हा भाग मी गाळू शकले असते. जयंतीच्या भाषणात तो हटकून गाळला जातो. पण बायकांनी आपल्या पायावर उभं राहावं असं छापून आणणाऱ्या बाईला आपली लेक स्वतःच्या पायांनी चालत निघाली तेव्हा ते पाहवलं नाही, हे आपण मान्य करू. आपल्या घरांत आज तरी कुठे पाहवतं? मोठी माणसं एका जागी पुढे असतात आणि दुसऱ्या जागी तुमच्याआमच्या इतकीच मागे.

त्यानंतरच्या वर्षी, १९१४ मध्ये, बडोद्यात महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय सुरू झालं.

नाव नीट ऐका. त्या काळी बायकांसाठी निघालेल्या संस्थांची नावं बघा. पंडिता रमाबाईंचं शारदासदन, कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम, रमाबाई रानड्यांचं पुण्यातलं सेवासदन. सदन आणि आश्रम. म्हणजे राहायची जागा, आसरा. त्या संस्थांचं काम लहान नव्हतं, गैरसमज नको. कर्वे नसते तर मी इथे उभी नसते. पण उद्योगालय या शब्दात राहायचं नाही, यायचं आणि जायचं. सकाळी यायचं, काम शिकायचं, काम करायचं, कामाचे पैसे घ्यायचे आणि संध्याकाळी आपल्या घरी जायचं.

आमच्या दांडियाबाजारच्या वाड्यात मागच्या खणात एक माई राहत. तरुणपणीच विधवा झालेल्या, दिराच्या संसारात. साठच्या दशकातली गोष्ट, मी परकर नेसत होते. माई अकराच्या सुमाराला छत्री आणि पितळी डबा घेऊन निघत. ओटल्यावरच्या बायका विचारत, कुठे निघालात माई? उत्तर ठरलेलं, ‘राणीच्या उद्योगालयात.’ शिवणकामाला जाते असं नाही, कामाला जाते असं तर मुळीच नाही. त्या काळी चांगल्या घरची बाई कामाला जाते म्हणजे घरातल्या पुरुषांना कमीपणा. माईंचे दीर यासाठी कधीच तयार झाले नसते. पण राणीच्या उद्योगालयात? तिथे जायला हरकत घेणार कोण? गावातल्या मोठ्यात मोठ्या घरच्या बाईंनी काढलेली जागा. तिथे जाण्यात कमीपणा नव्हता, उलट थोडा मानच होता. दीर शेजाऱ्यांना सांगत, ‘वहिनी राजवाड्याच्या संस्थेत असतात.’ असतात! काज-बटणं करून आणि तुरपाई घालून बोटांना घट्टे पडले होते त्यांच्या.

मला जे सांगायचं आहे ते हेच. राजघराण्यातल्या बाईच्या दानात पैसा असतो, पण पैसा सावकारही देतो. तिच्याकडे एक गोष्ट अशी असते जी सावकाराकडे नसते, ती म्हणजे अब्रू. आणि ती उसनी देता येते. चिमणाबाईसाहेबांनी स्वतः पडदा सोडला आणि आपलं नाव एका पाटीवर लावून दिलं. त्या नावाच्या आडोशानं माईंसारख्या कितीतरीजणी उंबऱ्याबाहेर पडल्या. पडदा सोडलेल्या राणीचं नाव इतरांना पडद्यासारखं कामी आलं. विचित्र वाटेल, पण मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

माई पैसे कनवटीला बांधून आणत. एकदा मला घेऊन गेल्या होत्या तेव्हा मी त्यांना पगाराच्या वहीत सही करताना पाहिलं. अक्षर वाकडंतिकडं, पण नाव स्वतःचं. वाड्यात त्यांना नाव होतं हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

कायद्याचं काय, असं कोणी विचारेल. बडोदा संस्थान कायद्यांत पुढे होतं. १९०४ मध्येच बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा झाला, १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, मुलींनाही, आणि १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आला. ब्रिटिश मुलखाच्या किती आधी, याचा आपण अभिमान बाळगतो आणि बाळगावाच. पण बालविवाहाच्या कायद्याचं झालं काय? लोक दंड भरत आणि लग्न लावत. वाजंत्र्यांचे इतके, आचाऱ्याचे इतके, सरकारी दंडाचे इतके. हुकूम दारापर्यंत पोचतो, आत शिरायला घरातलं कोणीतरी फितूर लागतं. कनवटीला स्वतःचे चार पैसे असलेली माई ही ती फितूर. पुतणीच्या शाळेची फी तिनं भरली. पुतणी सतरा वर्षांची होईपर्यंत लग्नाचं नाव काढू दिलं नाही, कारण आता तिच्या शब्दाला घरात थोडं वजन आलं होतं.

१९२७ च्या जानेवारीत पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषद भरली, पहिलीच. मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईंनी खटपट करून जुळवलेली. अध्यक्ष होत्या चिमणाबाईसाहेब. परिषद होती फक्त शिक्षणासाठी, राजकारण नको, इतर काही नको असं ठरलेलं. पण मुलींच्या शाळेविषयी बोलायला बसल्यावर लहान वयातल्या लग्नाचा विषय टळतो कसा? तो निघालाच. पोरीचं लग्न झालं की पाटी सुटते, हे प्रत्येकीला माहीत होतं. याच परिषदेच्या खटपटीतून पुढे दिल्लीत १९३२ मध्ये लेडी आयर्विन कॉलेज निघालं. बघा, पुन्हा एका व्हाइसरॉयच्या पत्नीचं नाव.

चिमणाबाईसाहेब १९५८ मध्ये गेल्या. संस्थानं त्याआधीच गेली होती. राणीचं नाव घेऊन उंबरा ओलांडायची गरजही हळूहळू संपली. आमच्या पिढीच्या मुली कॉलेजात गेल्या, बँकेत लागल्या. मग उद्योगालयाचं प्रयोजन काय उरलं, असं मीच एकदा एका बैठकीत तोंड वर करून विचारलं होतं.

उत्तर मिळायला वेळ लागला. २०२२ मध्ये याच उद्योगालयानं एक कॅफे उघडला. राधिकाराजे गायकवाड यांनी त्यात पुढाकार घेतला. तिथे काम देतात ते समलिंगी आणि तृतीयपंथी मुलामुलींना. ज्यांना कुणी घरात ठेवत नाही आणि नोकरीवर तर त्याहून ठेवत नाही, त्यांना. माझ्या एका मैत्रिणीला आधी हे रुचलं नाही. ‘राणीच्या नावानं हे?’ म्हणाली. मी म्हटलं, अगं, माईंच्या वेळी ओटल्यावरच्या बायका हेच म्हणायच्या.

पण राणीच्या नावानं नाहीच ते. म्हणजे चिमणाबाई हे नाव त्या पाटीवर नाही. कॅफेचं नाव ‘गजरा’. देवासच्या घाटग्यांची गजराबाई. १८८५ च्या डिसेंबरात मांडवात सोडून दिलेलं नाव.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. सावकाश विचारा. टॉवरखालची गर्दी साडेआठपर्यंत काही हटत नाही.