निर्गती आणि शिल्लक

सरकारी कामाचे मोजमाप संगणकाबरोबर आले असे अनेकांना वाटते. महाराष्ट्राच्या महसूल कार्यालयांत ते त्याच्या कितीतरी आधीपासून रेघा आखलेल्या कागदावर चालत आले आहे. त्या मोजमापाचे मूळ पत्रक म्हणजे लिपिकाचे कार्यविवरण. बोलताना सगळे त्याला वर्कशीटच म्हणतात. मागील शिल्लक, नवीन आवक, एकूण, निर्गती (म्हणजे निकाली निघालेली प्रकरणे) आणि अखेरची शिल्लक एवढ्या रकान्यांत एका टेबलाचा आठवडा उतरतो. सर्व टेबलांचे आकडे एकत्र करून महिन्याचा गोषवारा निघतो आणि राहिलेली प्रकरणे किती जुनी आहेत, हेही त्यात दाखवावे लागते.

या पद्धतीला शिस्त आली ती 1980 च्या दशकात, अहमदनगरचे तत्कालीन जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांच्या प्रयोगामुळे. लखिना पॅटर्न म्हटले की अभिलेख कक्षाची साफसफाई आठवते, आणि ते खरेच आहे: कायम ठेवायचे कागद ‘अ’ वर्गात, तीस वर्षांचे ‘ब’ वर्गात, वर्षभरात नष्ट करायचे ‘ड’ वर्गात, अशी प्रतवारी तेथे कसोशीने झाली. परंतु मोजमापाच्या दृष्टीने अधिक मोलाची होती ती लिपिकाच्या टेबलावरची सहा गठ्ठे पद्धत. ज्यावर आज कार्यवाही करायची ती प्रलंबित प्रकरणे, दुसऱ्या कुणाच्या उत्तरासाठी थांबलेली प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके (म्हणजे ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नाश करायची प्रकरणे, असे सहा भाग झाल्यावर कपाट उघडताच कामाची स्थिती समजू लागली.

यांपैकी दुसऱ्या गठ्ठ्यापाशी थोडे थांबायला हवे. एखाद्या अर्जावर तालुक्याकडून अहवाल मागवला की ते प्रकरण प्रतीक्षाधीन होते आणि प्रलंबितांची संख्या एकाने कमी होते. अहवाल मागवणे बहुतेक वेळा आवश्यकच असते. पण गोषवारा वरिष्ठांसमोर जायच्या आदल्या दिवशी मागवलेला अहवाल आणि गरजेपोटी मागवलेला अहवाल यांत पत्रकाला कसलाच फरक दिसत नाही. अर्जदार मात्र दोन्ही वेळा तिष्ठतच राहतो.

पुढे मोजमापाला कायद्याचे बळ मिळाले. बदल्यांच्या विनियमनाबरोबरच दिरंगाईला प्रतिबंध करणाऱ्या 2005 च्या अधिनियमाने कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती (फाईल) सामान्यतः सात कामाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ राहू नये, असा दंडक घातला. दंडक चांगला असला, तरी तो नस्ती एका टेबलावर किती दिवस राहिली हे पाहतो. सात टेबलांवरून फिरलेली नस्ती प्रत्येक टेबलापुरती वेळेतच असू शकते. केंद्र सरकारने 2009 मध्ये मंत्रालयांसाठी उद्दिष्टे, त्यांचे भारांक आणि शंभरपैकी गुण अशी पद्धत आणली. तेथे अडचण वेगळी होती, कारण लक्ष्याचा मसुदा प्रथम ते खातेच तयार करी आणि मवाळ लक्ष्य ठेवणाऱ्याला गुण मिळवणे सोपे जाई. मसुद्यांची छाननी बाहेरच्या तज्ज्ञांकडून करून घ्यावी लागे, ती याचसाठी.

घड्याळ अर्जदाराच्या बाजूने लावण्याचा सर्वांत ठोस प्रयत्न म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015. अधिसूचित सेवेसाठी मुदत ठरलेली, पदनिर्देशित अधिकारी ठरलेला, अर्जाला क्रमांक दिलेला, अर्ज नाकारल्यास लेखी कारण आणि अपिलाची माहिती देणे बंधनकारक, आणि पुरेशा कारणाशिवाय कसूर केल्यास 500 ते 5000 रुपयांपर्यंत शास्ती. येथे प्रथमच मोजणीचा आरंभ अर्ज स्वीकारला जाण्यापासून आणि शेवट सेवा मिळण्यापाशी बांधला गेला.

तरीही जुना दुसरा गठ्ठा नव्या नावाने परत येऊ शकतो. समजा, पंधरा दिवसांची मुदत असलेल्या दाखल्याचा अर्ज चौदाव्या दिवशी ‘त्रुटी’ असा शेरा मारून परत गेला. अर्जदाराने राहिलेला कागद जोडून तो पुन्हा भरला आणि त्याला नवा क्रमांक मिळाला. अर्जदाराच्या हिशेबी तो महिन्याचा खोळंबा असतो, तर अहवालात दोन अर्ज दिसतात आणि दोन्ही मुदतीत निकाली निघालेले असतात. त्रुटी पहिल्या दोन दिवसांतच कळवावी, एकदाच कळवावी आणि पुन्हा भरलेला अर्ज जुन्याच क्रमांकावर मोजावा, एवढे तीन नियम प्रणालीतच बसवले, तर आकड्यांचे रूप पालटेल.

2025 मध्ये राज्यात शंभर दिवसांच्या कार्यालयीन सुधारणांचा सात कलमी कार्यक्रम झाला आणि भारतीय गुणवत्ता परिषदेकडून कार्यालयांचे मूल्यमापन करून घेतले गेले. संकेतस्थळ, स्वच्छता, अभ्यागतांसाठी सोयी, तक्रार निवारण अशा बाबी त्यात होत्या. परीक्षण त्रयस्थाकडे देणे हे योग्यच झाले. मात्र स्वच्छतागृह एका भेटीत तपासता येते, तर रखडलेला फेरफार (जमिनीच्या हक्कातील बदलाची नोंद) शोधायला जुनी यादी उपसावी लागते, आणि गुणपत्रिकेत सोप्या तपासणीचे पारडे नकळत जड होते.

म्हणून मोजमापाची घडी नव्याने बसवणाऱ्या कार्यालयाने निर्गतीच्या टक्केवारीआधी दोन याद्या मागवाव्यात: सर्वांत जुन्या पन्नास अर्जांची, आणि महिन्याभरात त्रुटीसाठी परत गेलेल्या अर्जांची, कारणांसह. या दुसऱ्या यादीतले काही अर्जदार निवडून त्यांना दूरध्वनी करण्याचे काम त्या टेबलाशी संबंध नसलेल्या कर्मचाऱ्याकडे द्यावे. दाखला शेवटी कोणत्या तारखेला हाती पडला, एवढाच प्रश्न विचारायचा आणि ती तारीख पहिल्या अर्जाच्या तारखेशेजारी लिहायची.