दोन सांगाड्यांची एक पाणबुडी

मित्रहो, हल्ल्याची हकिगत थोडक्यात आटोपतो, कारण मला बोलायचंय ते त्यानंतरच्या भंगाराबद्दल.

३१ मे १९४२च्या रात्री तीन बुटक्या जपानी पाणबुड्या सिडनी बंदरात घुसल्या. लांबी जेमतेम २४ मीटर, आत दोन माणसं, तोंडाशी दोन टॉर्पेडो. चुमान, मात्सुओ आणि बान हे त्यांचे तीन कमांडर. चुमानची पाणबुडी बंदराच्या जाळीत अडकली, तेव्हा त्याने ती स्वतःच उडवून दिली. मात्सुओची टेलर्स बेमध्ये घेरली गेली. तिच्यातल्या दोघांनी स्वतःवर गोळ्या झाडून घेतल्या. बानचा नेम अमेरिकी क्रूझर ‘शिकागो’वर होता, पण टॉर्पेडो फुटला तो ‘कुट्टाबुल’ या जुन्या फेरीबोटीखाली. २१ नौसैनिक ठार झाले. बान निसटला.

पुढच्या काही दिवसांत पहिल्या दोन पाणबुड्या वर काढल्या. आत चार मृतदेह. सिडनीतले नौदलप्रमुख रिअर अॅडमिरल म्युअरहेड-गोल्ड यांनी ९ जूनला त्यांचं दहन लष्करी इतमामात केलं. शवपेट्यांवर जपानी झेंडे, बंदुकांची सलामी! ‘कुट्टाबुल’चे मृत अजून ताजे होते, लोक खवळले. गोल्ड बधले नाहीत. असल्या लोखंडी पेटीत बसून निघायला धैर्य लागतं आणि ते काही एका राष्ट्राची मालमत्ता नाही, असं त्यांचं म्हणणं. अर्थात, जपान्यांच्या कैदेतल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांना त्यामुळे जरा बरी वागणूक मिळेल, हाही हिशोब होताच. तो काही फळला नाही. अस्थी मात्र त्याच वर्षी, युद्ध चालू असतानाच, जपानी राजदूत कावाई यांच्याबरोबर मायदेशी पोहोचल्या.

आणि लोखंड? दोन्ही सांगाड्यांचे बरे भाग जोडून एक पाणबुडी तयार केली, ट्रकवर चढवली आणि गावोगाव फिरवली. नौसैनिकांच्या मदतनिधीसाठी! आपल्याकडे गणपतीची वर्गणी मागायला इतकी जय्यत तयारी कोणी करत नाही. १९४३मध्ये ती कॅनबेराच्या युद्धस्मारकात विसावली. १९६८मध्ये मात्सुओची वृद्ध आई तिथे आली, मुलगा ज्यात मेला ते लोखंड पाहायला. माझ्या मते या सबंध प्रकरणात सगळ्यात जड क्षण तो आहे, हल्ल्याची रात्र नव्हे.

सहा महिने आधी अमेरिकेच्या पर्ल हार्बर तळावरच्या हल्ल्यातही अशाच बुटक्या पाणबुड्या होत्या, पण तिथे असा विचार झाला नव्हता. तिथे बंदरात बुडवलेली एक पाणबुडी वर काढली आणि आतल्या माणसांसकट धक्क्याच्या भरावात टाकून दिली. किनाऱ्याला लागलेली दुसरी, साकामाकीची, युद्धरोखे खपवायला अमेरिकाभर फिरवली. साकामाकी तेव्हा कैदेत होता, अमेरिकेच्या हाती लागलेला पहिला जपानी युद्धकैदी.

बानची पाणबुडी ६४ वर्षं कोणाला सापडली नाही. नोव्हेंबर २००६मध्ये हौशी डायव्हर्सच्या एका गटाला ती सिडनीच्या उत्तरेला, सुमारे ५४ मीटर खोल आढळली. ती वर काढायची नाही असं ठरलं. बान आणि त्याचा साथीदार आशिबे आतच असावेत. नातलगांना तिथल्या समुद्रतळाची वाळू देण्यात आली. आता तो भाग संरक्षित आहे, परवानगीशिवाय तिथे कोणाला उतरता येत नाही.