रविवारी उडणारी जेट विमानं

मंडळी, माझी ओळख करून देताना मघाशी 'नौदलातले वैमानिक' असं म्हटलं गेलं. ते आधी दुरुस्त करतो. मी वैमानिक नव्हे, इंजिन उघडणारा माणूस. दाबोळीला, आयएनएस हंसा या तळावर, सी हॉक विमानांच्या इंजिनांवर काम करण्यात माझ्या तरुणपणाची काही वर्षं गेली. आजचा विषय अमेरिकेतला, तिथल्या नौदलाच्या राखीव हवाई पथकांचा आहे, पण मी त्याच्यापर्यंत पोहोचलो तो या इंजिनाचं बोट धरून.

माझी मुलगी कॅलिफोर्नियात राहते. आर्टिशिया गावातला पायोनियर बुलवार्ड तुमच्यापैकी कुणी पाहिला असेल. साड्यांची दुकानं, वाणसामान, फरसाण, सगळं मिळतं. तिथून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर लॉस अ‍ॅलामिटोस लागतं. स्पॅनिशमध्ये या नावाचा अर्थ 'छोटे पॉप्लर'. १८९७ साली तिथे बीटापासून साखर काढणारा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती गाव उभं राहिलं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला अमेरिकी नौदलाने लाँग बीचचा आपला राखीव विमानतळ हलवला तो या बीटाच्या शेतांमध्ये. एका रविवारी मी कुंपणाबाहेर उभा राहून ती धावपट्टी पाहत होतो. आज तळ नॅशनल गार्डकडे, म्हणजे तिथल्या राज्याच्या राखीव सैन्याकडे आहे. हेलिकॉप्टरं येत-जात होती, जेट एकही नव्हतं. मला मात्र तिथे जेट विमानांचाच इतिहास दिसत होता.

'राखीव तळ' म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण आपल्याकडे ही पद्धत फारशी परिचयाची नाही. १९४५ साली युद्ध संपलं तेव्हा अमेरिकी नौदलाकडे हजारो तयार वैमानिक होते आणि त्यांना पगारावर ठेवण्याचं कारण उरलं नव्हतं. ते घरी गेले. कुणी विमा विकू लागला, कुणी शाळेत शिकवू लागला, कुणी एअरलाइनमध्ये लागला. पण युद्धात मिळवलेलं कसब वाया जाऊ नये म्हणून शिकागोजवळ ग्लेनव्ह्यू, कॅन्ससमध्ये ओलेथी, पेनसिल्व्हेनियात विलो ग्रोव्ह, टेक्ससमध्ये डॅलस आणि पश्चिमेला लॉस अ‍ॅलामिटोस असे तळ राखीव दलासाठी ठेवले गेले. महिन्यातून एक शनिवार-रविवार तळावर हजेरी लावायची आणि वर्षातून दोन आठवडे सलग सराव करायचा. सोमवारी सकाळी माणूस पुन्हा आपल्या कचेरीत. फक्त वैमानिक नव्हे बरं का, माझ्यासारखे मेकॅनिकही. आठवडाभर गॅरेजमध्ये मोटारी दुरुस्त करायच्या आणि रविवारी लढाऊ विमानाखाली शिरायचं. त्यांच्या विमानांच्या मागच्या भागावर केशरी रंगाचा रुंद पट्टा असे, आणि शेपटावर तळाचं अक्षर. लॉस अ‍ॅलामिटोसचं अक्षर 'एल'. लांबून पट्टा दिसला की ओळखायचं, हे राखीववाले.

आता यात खरी अडचण कुठे येते? माणूस घरी जाऊनही कसब टिकवतो. विमानाचं तसं नाही. नवीन विमान आधी नियमित दलाला मिळतं. त्यांचं जुनं झालं की राखीव दलाकडे येतं. मी हे दोष द्यायला सांगत नाही, पैसा मोजका असला की प्रत्येक देशात असंच होतं. पण त्याचा परिणाम काय होतो, ते १९५० आणि १९६८ या दोन सालांत स्पष्ट दिसतं.

२५ जून १९५० रोजी कोरियात युद्ध पेटलं. नौदलाला विमानवाहू जहाजांसाठी पथकं हवी होती, तीही ताबडतोब. लॉस अ‍ॅलामिटोसच्या ७८१ क्रमांकाच्या लढाऊ पथकाने जुलैमध्ये कळवलं, आम्ही सगळेच्या सगळे येतो. तसं म्हणणारं हे पहिलंच राखीव पथक. मला या 'सगळेच्या सगळे'चं फार वाटतं. या माणसांनी एक युद्ध पाहिलेलं होतं. घरात लहान मुलं होती, घराचे हप्ते चालू होते. तरी एकही मागे राहिला नाही. बहुतेकांचे उड्डाणाचे तास पंख्याच्या विमानांवरचे. आता त्यांच्या हाती ग्रुमन कंपनीचं पँथर हे जेट आलं आणि त्यांनी ते शिकून घेतलं. १९५१ साली 'बॉन ऑम रिशार' या जहाजावरून ते कोरियात लढले. त्या जहाजावरची लढाऊ आणि बॉम्बफेकी पथकं राखीव दलातूनच बोलावलेली होती, म्हणजे वर्षभरापूर्वी रविवारी उडणारी माणसं.

इथे मला थोडं इंजिनाबद्दल बोलू द्या. १९४४ साली इंग्लंडमध्ये रोल्स-रॉइसने 'नीन' नावाचं जेट इंजिन बनवलं. अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनी कंपनीने त्याचा परवाना घेतला आणि तेच इंजिन पँथरमध्ये बसलं. पुढच्या पँथरमध्ये त्याचीच सुधारलेली आवृत्ती होती. १९४६ साली इंग्लंडच्या अ‍ॅटली सरकारने हीच इंजिनं सोव्हिएत संघालाही विकायची परवानगी दिली. रशियनांनी त्यावरून आपलं इंजिन बनवलं आणि ते मिग-१५ मध्ये घातलं. म्हणजे कोरियाच्या आकाशात समोरासमोर आलेल्या दोन्ही विमानांच्या पोटात एकाच घराण्याची इंजिनं. आणि आपल्या सी हॉकमध्येही नीनच! विक्रांतवरून ४ डिसेंबर १९७१ रोजी ज्या विमानांनी कॉक्स बझारवर हल्ला केला, त्यांच्यात हेच इंजिन होतं.

नीन हे जाडजूड इंजिन. आत जवळजवळ अडीच फूट व्यासाचं एक चाक, त्याच्या दोन्ही अंगांना पाती. हवा दोन्हीकडून ओढायची, बाहेरच्या कडेकडे फेकायची आणि भोवतीच्या नऊ नळकांड्यांत इंधनाबरोबर पेटवायची. चाक एवढं रुंद म्हणून विमानही पोटाने गोल. पँथर, मिग-१५ आणि सी हॉक शेजारी-शेजारी उभी केली तर तिघांचं पोट एका घडणीचं दिसेल. तपासणीच्या वेळी आम्ही त्या पात्यांच्या कडेवरून बोट फिरवायचो. धावपट्टीवरचा खडा आत गेला असेल तर डोळ्यांना दिसायच्या आधी बोटाला कळतं. बारीकशी खाच लागली तरी इंजिन खाली उतरवायचं. बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथे सी हॉक ठेवलेलं आहे. गोव्याला गेलात तर समुद्रावर जायच्या आधी तासभर तिकडे काढा.

तर, १८ नोव्हेंबर १९५२. तोवर ७८१ पथक 'ओरिस्कनी' जहाजावर होतं. जहाज कोरियाच्या ईशान्येला, व्लादिवोस्तोकपासून फार दूर नाही. बर्फाचं वादळ चालू. चार पँथर वर गेली. एकाच्या इंधनपंपाने दगा दिला म्हणून दोन मागे फिरली. उरले लेफ्टनंट रॉइस विल्यम्स आणि त्यांचे साथीदार. समोरून आली सात मिग-१५. मिग ताशी सुमारे शंभर मैलांनी जास्त वेगवान आणि वर चढायलाही चपळ. साथीदार एका मिगच्या पाठीमागे खाली गेला आणि विल्यम्स जवळजवळ एकटे उरले. अर्ध्या तासाहून जास्त वेळ झुंज चालली. तोफांच्या ७६० गोळ्या होत्या, त्या सगळ्या संपल्या. शेवटी मिगच्या एका गोळ्याने त्यांच्या विमानाचं रडर, म्हणजे शेपटावरचं सुकाणू, निकामी केलं. उडी मारावी तर खालच्या पाण्यात माणूस काही मिनिटांत गारठून मेला असता. मग तसंच विमान घेऊन ते जहाजाकडे आले. नेहमी सुमारे १०५ नॉट्सच्या वेगाने उतरायचं, हे उतरले १७० ने, कारण त्याखाली विमान हातात राहत नव्हतं. जहाजाच्या कप्तानाने अख्खं जहाज वळवून त्यांच्या रेषेत आणलं, तेव्हा कुठे विमानाचा हूक त्याला थांबवणाऱ्या डेकवरच्या वायरला लागला.

डेकवरच्या लोकांनी विमानाला पडलेली भोकं मोजली. २६३. मी स्वतः मेकॅनिक असल्याने मला ते दृश्य डोळ्यांसमोर दिसतं. कुणीतरी एका अंगाने मोजतोय, कुणी दुसऱ्या, बर्फ पडतोय, आणि इंजिनाच्या मुख्य भागांना मात्र घातक काही लागलेलं नाही. ते विमान पुढे समुद्रात ढकलून दिलं असं सांगतात.

आता १९६८. २३ जानेवारीला उत्तर कोरियाने 'प्वेब्लो' हे अमेरिकी जहाज पकडलं. सरकारने नौदलाची सहा राखीव पथकं कामावर बोलावली. डॅलस, विलो ग्रोव्ह, न्यूयॉर्क अशा तळांची, आणि त्यात लॉस अ‍ॅलामिटोसचं ७७६ पथकही. माणसं पुन्हा हजर झाली. नोकऱ्या सोडून, घरची घडी मोडून आली. पण हातातली विमानं होती ए-४ स्कायहॉकची सुरुवातीची आवृत्ती आणि क्रुसेडर ही लढाऊ विमानंही जुनीच. त्या वेळी व्हिएतनामला जाणाऱ्या जहाजांना जी उपकरणं लागत, ती यांच्या विमानांत नव्हती. बसवायची म्हटलं तर महिने हवेत. शेवटी एकही पथक लढाईवर गेलं नाही, आणि वर्ष संपायच्या आत सगळे घरी परतले. १९५० मध्ये हीच पद्धत चालून गेली, कारण तेव्हा जेटचं युग नुकतं उजाडत होतं आणि पँथर सगळ्यांनाच नवीन होतं. अठरा वर्षांनी विमानाचं वय हाच प्रश्न होऊन बसला. माझं स्पष्ट मत आहे की त्या माणसांवर अन्याय झाला. त्यांना हाक मारली आणि काम दिलं नाही.

नौदलानेही ते ओळखलं. १९७० साली राखीव दलाचे दोन पूर्ण विमानविभाग उभे केले, पूर्व किनाऱ्यावर एक, पश्चिमेला एक. नियमित दलाच्या जहाजावर जशी पथकं असतात तशीच यांची रचना, तशीच उपकरणं. ऐंशीच्या दशकात त्यांना एफ-१४ टॉमकॅटही मिळालं. पण लॉस अ‍ॅलामिटोसला याचा लाभ झाला नाही. बीटाच्या शेतांवर पन्नाशीच्या दशकात रॉसमूरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या होत्या आणि धावपट्टीला घरं खेटली होती. जेटचा आवाज आणि स्वयंपाकघराची खिडकी यांच्यात अंतरच उरलं नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नौदलाने तळ सोडला, पथकं इतर तळांवर गेली.

मघाशी एक गोष्ट अर्धी सोडली. विल्यम्स यांना त्या दिवसाबद्दल गप्प राहायला सांगितलं होतं. कारण ती मिग सोव्हिएत हवाईदलाची होती आणि सोव्हिएत संघ अधिकृतरीत्या त्या युद्धात नव्हताच. ते बाहेर आलं असतं तर फार मोठं युद्ध पेटण्याची भीती होती. तेव्हा त्यांच्या नावावर एकच विमान लागलं. नव्वदच्या दशकात रशियातूनच माहिती आली की त्या झुंजीत त्यांची चार मिग गेली. विल्यम्स पुढे कॅप्टन होऊन निवृत्त झाले, पण पन्नास वर्षं त्यांनी घरातही शब्द काढला नव्हता. २००२ च्या सुमारास कागदपत्रं खुली झाली, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा आपल्या बायकोला सांगितलं. जानेवारी २०२३ मध्ये सॅन डिएगोत त्यांना नेव्ही क्रॉस हे नौदलाचं शौर्यपदक मिळालं. तेव्हा ते ९७ वर्षांचे होते.