सकाळी सात वाजता दुखणारं पोट

सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते अख्ख्या बडोदा संस्थानात लागू झालं, मुलाला शाळेत पाठवलं नाही तर आईवडिलांना दंड व्हायचा. आम्ही बडोदेकर हे अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच पाहिजे. पण आज ज्या मुलांबद्दल बोलायचंय त्यांना घरच्यांनी अडवलेलं नाहीये. फी भरलीये, डबा तयार आहे, खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवतायत आणि मूल बाथरूमला आतून कडी लावून बसलंय.

माझी मुलगी सहावीत असताना आमच्याकडे हे सुरू झालं. सकाळी पोट दुखायचं, उलटी व्हायची, हात गार पडायचे, अकरा वाजले की बरी, रविवारी तर काहीच नाही. सोनोग्राफी नॉर्मल आली आणि मग सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की नाटकं आहेत. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीत पतंगाची फिरकी धरून उभी होती तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "आज नाही का गं दुखत पोट?" ती खाली उतरली ती दिवसभर परत वर गेलीच नाही.

ते दुखणं खरं असतं हो. भीतीने शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं, पचन मंदावतं, मळमळतं, पोटात कळा येतात. डॉक्टर लोक याला स्कूल रिफ्यूजल म्हणतात. शाळा बुडवून भटकणारं मूल घरी लपवतं, ही मुलं घरातच असतात, घरच्यांना सगळं माहीत असतं, आणि कितीतरी जणांना जायचंही असतं, रात्री दप्तर भरून ठेवतात. कारणं वेगवेगळी, कुणाला वर्गात चिडवतात, कुणाला वाचायला जमत नाही आणि उभं करून वाचायला लावतात, कुणाला तो गोंगाटच सोसत नाही, कुणाची आई आजारी असते म्हणून तिला सोडून जाववत नाही. जपानमध्ये वर्षात ३० दिवस किंवा जास्त अशी शाळा चुकली, तीही आजारपण किंवा पैशाची अडचण नसताना, तर सरकार त्या मुलांची वेगळी मोजणी करतं. आपल्या हजेरीपटावर फक्त गैरहजर. का, ते लिहायला जागाच नाही.

म्हणून ते कारण आपल्यालाच सांगावं लागतं. मी रिपोर्टची फाईल घेऊन शाळेत गेले होते, कुणी उघडलीसुद्धा नाही. मग पालक सभेत उभी राहिले आणि आमच्या घरातली सकाळ सांगितली, सहा ते साडेसात, जशी होते तशी, कुणाचं नाव न घेता, कुणावर आरोप न करता. आणि शेवटी एकच मागितलं, की सकाळच्या प्रार्थनेच्या गर्दीतून न जाता तिला थेट लायब्ररीत येऊ द्या. ते मिळालं. एवढ्याने सगळं सुटलं नाही, पण आठवड्यातले काही दिवस तरी ती जायला लागली. सभा सुटल्यावर जिन्यात आया थांबल्या होत्या, आमच्याकडेही असंच आहे म्हणाल्या, हळू आवाजात. इतके दिवस कुणीच कुणाला बोललं नव्हतं.

सांगायच्या आधी मात्र मुलाला विचारा, कारण गोष्ट त्याची आहे. माझी म्हणाली, "आई, उलटीचं सांग, उत्तरायणचं पण सांग, पण अमुक एक गोष्ट नको." ती गोष्ट या व्हिडिओत नाहीये. मुलीचा चेहरा नाही, शाळेचं नाव नाही, आणि हे निवेदन तिने आधी ऐकलंय.

कायदाही माहीत असू द्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे आणि त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये शाळेत मारणं आणि मानसिक छळ, दोन्हीला बंदी आहे. गोष्ट सांगताना हे कलमही सांगा.

आणि शाळांना आमचं एवढंच म्हणणं, जूनमध्ये वर्ग सुरू झाले की पहिल्याच पालक सभेत अशा एखाद्या आईला किंवा बाबांना दहा मिनिटं बोलू द्या, आणि त्या वेळी वर्गशिक्षकांनाही तिथेच बसवा.